माल जहाजात शिरतो कुठून? कंटेनर, बल्क, टँकर आणि रो-रो जहाजांवर माल चढवण्या-उतरवण्याचे मार्गदर्शन

वागळे इस्टेट, तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या लहान कारखानदाराचा जहाजाने माल पाठवून देणाऱ्या आमच्या बेलापूरच्या कार्यालयात पहिल्यांदा फोन येतो, तेव्हा त्याचा प्रश्न बहुधा एकच असतो, "भाडं किती पडेल?" त्यावर मी उलट विचारतो, "साहेब, तुमचा माल जहाजात शिरणार कुठून?" समोरचा क्षणभर गोंधळतो, पण भाडे, बांधणी, कागदपत्रे आणि अगदी कारखान्यातल्या पेटीची उंचीसुद्धा शेवटी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. मालवाहू जहाजांचे प्रकार पाठ करण्यापेक्षा त्यांची तोंडे ओळखावीत असे मी नव्या मुलांना सांगतो. कंटेनर जहाजात आणि सुट्या मालाच्या म्हणजे बल्क जहाजात माल वरून, झाकण उघडून शिरतो. टँकरमध्ये तो नळीतून जातो. रो-रो जहाजात मागच्या दारातून चाकांवर आत जातो. आणि अर्धजलमग्न जहाज स्वतःच पाण्यात बुडून मालाला आपल्या पाठीवर तरंगत येऊ देते. हा लेख त्याच क्रमाने जातो, मात्र न्हावा-शेवा बंदर दाराशी असल्यामुळे आपल्या भागातला बहुतेक माल कंटेनरनेच जातो, म्हणून कंटेनरवर मी जास्त रेंगाळणार आहे.

आधी माप, मग जहाज

मालाचे माप ड्रॉइंगवरून घेऊ नये. कारखान्याच्या फरशीवर उभे राहून टेपने घ्यावे आणि तेही पॅकिंग झाल्यावर घ्यावे. साध्या वीस फुटी कंटेनरची बाहेरची लांबी ६.०५८ मीटर, रुंदी २.४३८ मीटर आणि उंची २.५९१ मीटर असते, पण तुमच्या कामाची मापे आतली आहेत, आणि त्यातही दाराची. दार साधारण २.३४ मीटर रुंद आणि २.२८ मीटर उंच असते. हाय-क्यूब, म्हणजे जास्त उंचीच्या, कंटेनरच्या दाराची उंची २.५८ मीटरच्या आसपास भरते, आणि हाय-क्यूब बहुधा चाळीस फुटीच मिळतो.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मिक्सर मशीनची उंची ड्रॉइंगमध्ये २.१२ मीटर लिहिलेली पाहून मी साधा वीस फुटी कंटेनर मागवला. पेटीखालचे दहा सेंटिमीटरचे लाकडी पाय आणि वरच्या फळ्यांची जाडी मी धरलीच नव्हती. पेटी २.२६ मीटर झाली. कागदावर ती दारातून जात होती, पण फोर्कलिफ्टला आत शिरताना ती जरा उचलावी लागते हे मी विसरलो होतो. रात्री अकरा वाजता तळोज्यात सुताराला उठवून आणले आणि पेटीचे झाकण काढून पाय कापले. तोवर बंदराचा कट-ऑफ, म्हणजे माल आत घेण्याची शेवटची वेळ, हातचा गेला आणि माल पुढच्या आठवड्याच्या जहाजाने गेला. तेव्हापासून दाराच्या उंचीतून निदान दहा सेंटिमीटर वजा करून उरेल तेवढीच उंची मी वापरण्याजोगी मानतो.

उंची दारात बसत नसेल पण रुंदी बसत असेल, तर वरून उघडा असलेला ओपन-टॉप कंटेनर घ्यावा, ज्याच्या छतावर ताडपत्री असते आणि माल क्रेनने वरून आत सोडता येतो. रुंदीही बसत नसेल तर फ्लॅट-रॅक घ्यावा. त्याला पुढची-मागची भिंत असते, बाजू आणि छत नसते. मात्र फ्लॅट-रॅकवरचा माल बाजूने किंवा वरून बाहेर आला की शेजारच्या आणि वरच्या जागांवर दुसरा कंटेनर ठेवता येत नाही, आणि त्या वाया गेलेल्या जागांचे भाडेही तुमच्याच बिलात येते. तळोज्यातला एक उत्पादक रासायनिक रिअ‍ॅक्टर पाठवत असे. बाजूला वेल्ड केलेला एक पाइप नट-बोल्टने जोडण्याजोगा करून घेतल्यावर त्याच्या मालाची रुंदी फ्लॅट-रॅकच्या आत बसू लागली. भाड्याची घासाघीस मी आयुष्यभर केली आहे, पण त्या एका पाइपाइतकी बचत मला कधी साधली नाही.

कंटेनर तपासणे आणि भरणे

रिकामा कंटेनर कारखान्याच्या दारात आला की लगेच भरायला घेऊ नये. एका माणसाने आत जाऊन उभे राहावे आणि बाहेरून दोन्ही दारे बंद करून घ्यावीत. मिनिटभर डोळे अंधाराला सरावले की छतात किंवा कोपऱ्यात सुईएवढे भोक असले तरी उजेडाचा ठिपका दिसतो. आपल्याकडच्या पावसात त्या ठिपक्यातून किती पाणी शिरते हे एकदा पाहिलेला माणूस ही तपासणी कधी टाळत नाही. मग जमिनीला वास आहे का, आधीच्या मालाचे तेल सांडले आहे का, खिळे वर आले आहेत का आणि दाराचे रबर फाटले आहे का हे पाहावे. काही खटकले तर कंटेनर परत पाठवावा. एकदा माल भरला की आधीचा डाग तुमच्याच नावावर चढतो.

पेटीचे लाकूड साधे चालत नाही. बहुतेक देश लाकडी पॅकिंगवर गव्हाच्या ओंबीचा आंतरराष्ट्रीय शिक्का मागतात. लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे निदान ५६ अंश सेल्सिअसवर राहिले, असा त्या शिक्क्यातल्या एचटी या अक्षरांचा अर्थ असतो. शिक्का पेटीवर असतो, पण ऐनवेळी आत ठोकलेल्या पाचरींवर नसतो, आणि परदेशातला तपासनीस नेमक्या त्या पाचरीच पाहतो.

आता बांधणी, म्हणजे लॅशिंग (पट्ट्या-साखळ्यांनी आवळणे) आणि चोकिंग (ठोकळ्यांनी अडवणे). ट्रकवर माल पुढे-मागे सरकतो म्हणून ट्रकवाले पुढची बाजू घट्ट करतात. समुद्रात जहाज डावी-उजवीकडे डोलते, म्हणून तिथे बाजूची ताकद जास्त लागते. कंटेनर भरण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार खवळलेल्या महासागरात आडवा जोर मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि उभा, म्हणजे जहाजाच्या लांबीच्या दिशेचा जोर ०.४ पटीपर्यंत धरावा लागतो. तुमचे मशीन १० टनांचे असेल तर त्याला बाजूने ८ टनांचा धक्का बसू शकतो. मशीनचे लोखंड कोरड्या लाकडावर टेकलेले असेल आणि घर्षणाचा गुणक सावधपणे ०.३ धरला, तर घर्षण ३ टन पेलते आणि उरलेले ५ टन पट्ट्यांनी, साखळ्यांनी किंवा भिंतीला टेकवलेल्या लाकडी ठोकळ्यांनी पेलावे लागतात. मशीनखाली घसरणरोधक रबरी चटई घातली की घर्षण जवळपास दुप्पट होते. ही चटई स्वस्त असते, तरीही ती घालायला लोक का कचरतात हे कोडे मला सुटलेले नाही.

वजन लहान जागेवर टेकत असेल, उदाहरणार्थ चार पायांवर उभे असलेले जड प्रेस मशीन, तर खाली लांब लाकडी किंवा लोखंडी तुळया आडव्या घालून ते पसरवावे, कारण कंटेनरची जमीन पसरलेल्या भारासाठी बनवलेली असते. जड बाजू एकाच टोकाला येऊ देऊ नये. पावसाळ्यात भरलेला कंटेनर थंड देशाच्या दिशेने निघाला की आतल्या दमट हवेचे पाणी छताला धरते आणि मालावर ठिबकते. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगाव्यात आणि ओले लाकूड वापरू नये, कारण पिशव्या जेवढे पाणी पितात त्याहून जास्त ओले लाकूड सोडते. शेवटी दार बंद करताना फोटो काढावा, उजव्या दाराच्या दांड्याला बोल्ट सील ठोकावे आणि सीलचा क्रमांक कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा.

वजन, कागद आणि करळ फाटा

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. हे वजन दोन पद्धतींनी काढता येते. एक म्हणजे भरलेला कंटेनर काट्यावर तोलणे, आणि काटा ट्रेलरसकट वजन देत असेल तर ट्रेलरचे वजन वजा करणे. दुसरी म्हणजे आतली प्रत्येक वस्तू, पॅकिंग आणि बांधणीचे सामान वेगवेगळे तोलून त्या बेरजेत दारावर लिहिलेले रिकाम्या कंटेनरचे वजन मिळवणे. लहान कारखानदाराला मी पहिलीच पद्धत सुचवतो. दुसऱ्या पद्धतीत पाचरी, साखळ्या आणि पॅलेट हमखास विसरले जातात. जहाजाचा स्थिरतेचा हिशेब या आकड्यांवरच मांडला जातो. जड कंटेनर हलका म्हणून रचेत वर गेला, तर खालच्यांचा चुराडा होऊ शकतो.

कागदांचा क्रम असा ठेवावा की माल कागदांची वाट पाहणार नाही. आधी जहाज कंपनीकडे बुकिंग, मग आइसगेट या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीची नोंद, कारखान्यात स्वतः सील करत असाल तर इलेक्ट्रॉनिक सील, आणि बंदरात शिरण्यासाठी फॉर्म १३. सीमाशुल्क खात्याचा निर्यात परवाना, ज्याला सगळे लिओ म्हणतात, तो मिळाल्याखेरीज कंटेनर जहाजावर चढत नाही. कारखान्यात भरण्याची सोय नसेल तर माल द्रोणागिरी परिसरातल्या एखाद्या कंटेनर फ्रेट स्टेशनात सुटा पाठवावा आणि तिथे भरून घ्यावा. तिथे स्वतःचा माणूस उभा करावा, कारण आपली पेटी कशी ठेवायची हे आपल्याइतके कुणाला कळत नाही.

रसायनाचा माल असेल तर त्याची धोक्याच्या वर्गानुसार नोंद लपवू नये. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या समुद्रात एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली, चित्रा कलंडले आणि शेकडो कंटेनर पाण्यात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशके होती. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. तरंगत्या कंटेनरात काय आहे हे तेव्हा कळते ते केवळ आधी केलेल्या नोंदीवरून.

कट-ऑफच्या वेळेबाबत एकच सांगतो: ती वेळ बंदराच्या दाराची असते, बंदराच्या अलीकडच्या करळ फाट्याची नव्हे. ठाण्यातून निघणाऱ्याने अवजड वाहनांना दिवसा कोणत्या तासांत बंदी आहे हे त्या आठवड्यात विचारूनच ट्रेलर सोडावा.

धक्क्यावर काय घडते

न्हावा-शेवाचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याचे सरकारी नाव आता जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण असले तरी उरण-पनवेलकडचा माणूस अजून जेएनपीटीच म्हणतो. तुमचा कंटेनर आत गेल्यावर रबरी चाकांच्या उंच क्रेनखाली यार्डात रचला जातो आणि जहाज लागले की टर्मिनलचा ट्रेलर त्याला धक्क्यावर नेतो. तिथल्या क्रेनला स्प्रेडर नावाची लोखंडी चौकट असते. ती कंटेनरच्या वरच्या चार कोपऱ्यांतल्या छिद्रांत कुलपे अडकवते आणि नव्वद अंशांत फिरवते. कंटेनर जमिनीपासून हातभर उचलला की खाली उभे असलेले कामगार त्याच्या तळाच्या चार कोपऱ्यांत ट्विस्ट-लॉक खोचतात, मग तो वर जातो आणि खालच्या कंटेनरवर बसताच तीच कुलपे आपोआप अडकतात. चांगल्या हाताखाली एक क्रेन तासाला पंचवीस-तीस कंटेनर हलवते. जहाजाच्या पोटात उभे लोखंडी मार्गदर्शक खांब असतात आणि त्यांच्यामधून कंटेनर विहिरीत बादली सोडावी तसा खाली जातो. डेकवर मात्र खांब नसतात, म्हणून तिथे सळ्या आणि टर्नबकल आवळून रचेचे खालचे थर जहाजाला बांधावे लागतात.

तुमचा कंटेनर नेमका कुठे आहे हे सहा आकड्यांत सांगता येते. समजा जागा २६-०४-८४ आहे. पहिले दोन आकडे पुढून मागे मोजलेल्या आडव्या पट्ट्याचे असतात. विषम असेल तर वीस फुटी, सम असेल तर चाळीस फुटी. पुढचे दोन आकडे रांगेचे. पुढे तोंड करून उभे राहिल्यास मध्यापासून उजवीकडे विषम आणि डावीकडे सम. शेवटचे दोन थराचे. पोटातले थर ०२ पासून मोजतात आणि डेकवरचे बहुधा ८२ पासून. म्हणजे तुमचा चाळीस फुटी कंटेनर डेकवर दुसऱ्या थरात, मध्याच्या डावीकडे दुसऱ्या रांगेत बसला आहे. खारे पाणी लागू नये असा माल असेल तर बुकिंग करतानाच डेकखालची जागा मागावी. जहाज कंपनी हमी देईलच असे नाही, पण न मागणाऱ्याला ती नक्कीच मिळत नाही.

थंड कंटेनरचे, म्हणजे रीफरचे, शास्त्र वेगळे आहे. नाशिकची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास जातात आणि केळी १३ अंशांच्या थोडी वर, कारण त्याखाली केळ्याची साल काळवंडते. रीफर माल गार करत नाही, गार असलेला माल गार ठेवतो. म्हणून माल शीतगृहात आधी पूर्ण गार झालेला हवा. पेट्या आतल्या लाल रेषेच्या वर रचू नयेत, नाहीतर हवेची वाट अडते. कांद्याला हवेची खिडकी उघडी लागते आणि गोठवलेल्या मालाला बंद. कागदावर तापमान लिहिताना अधिक-उणे ही खूण अक्षरांतही लिहावी. उणे अठराऐवजी नुसते अठरा वाचले गेले की कोळंबीचे काय होते हे निराळे सांगायला नको.

सुटा माल: कोळसा, खनिज, धान्य

मांडव्याला किंवा रेवसला लाँचने जाताना धरमतर खाडीच्या तोंडाशी काळ्या-तांबड्या मालाने भरलेले बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू नौका, दिसतात. खाडी उथळ असल्याने मोठे बल्क जहाज आत जाऊ शकत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकते, स्वतःच्या क्रेनला लावलेल्या ग्रॅबने, म्हणजे लोखंडी पंजाने, माल बार्जमध्ये उतरवते आणि बार्ज भरतीच्या पाण्यावर आत जातात. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांतला फरक पाहूनच बार्जमध्ये किती माल भरायचा ते ठरते.

साधारण ५० ते ६० हजार टन माल नेणाऱ्या सुप्रामॅक्स जहाजाला बहुधा पाच होल्ड, म्हणजे माल ठेवायचे कप्पे, आणि चार क्रेन असतात, म्हणून ते धक्क्यावर क्रेन नसलेल्या बंदरातही चालते. दीड लाख टनांच्या पुढच्या केपसाइझला नऊ होल्ड असतात आणि स्वतःची क्रेन बहुधा नसते. अशा जहाजात भरणी सरकत्या पट्ट्यावरून होते आणि ती एका होल्डात एकदम करत नाहीत, नाहीतर जहाजाचा कणा वाकतो. ठरलेल्या क्रमाने या होल्डात थोडा, त्या होल्डात थोडा असे फेरे घेत माल टाकतात आणि त्याच वेगाने पोटातले बॅलास्टचे, म्हणजे तोल राखण्यासाठी घेतलेले पाणी, जुन्या मचव्यांवरचे खलाशी ज्याला नीरम म्हणत, बाहेर उपसतात. शेवटी ढिगाचे माथे सपाट करतात, ज्याला ट्रिमिंग म्हणतात.

इतका माल काट्यावर तोलत बसणे सोयीचे नसते, म्हणून जहाजालाच काटा मानतात. याला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात, आणि माल तुमचा असेल तर सर्व्हेयरबरोबर बोटीत बसून तो एकदा तरी पाहा. जहाजाच्या पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना मिळून सहा ठिकाणी पाण्याच्या रेषेवरचे आकडे वाचतात. लाटेने पाणी वर-खाली होत असते, म्हणून घाई न करता काही वेळ पाहून मधला आकडा धरतात. जहाज मधोमध थोडे वाकलेले असते. ते लक्षात घेऊन सरासरी काढतात आणि जहाजाच्या तक्त्यांवरून त्याने सारलेल्या पाण्याचे वजन मिळवतात. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरून हे तक्ते बनवलेले असतात, पण खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात पाणी गोडसर असते, म्हणून बादलीने तिथलेच पाणी काढून हायड्रोमीटरने घनता मोजतात आणि तसा फेरफार करतात. मग इंधन, पिण्याचे पाणी, बॅलास्ट आणि इतर सामान वजा करतात. भरण्याआधीचा आणि नंतरचा फरक म्हणजे माल. सुप्रामॅक्स जहाज एक सेंटिमीटर बुडायला साधारण ५७ टन लागतात. आकडा वाचताना बोटभर चूक झाली तर शंभर टनांचा वाद उभा राहतो, आणि बाजाराचा भाव पडलेला असेल तर हा वाद लवकर मिटत नाही.

ओले, बारीक खनिज हा या धंद्यातला सर्वांत घातकी माल आहे. वरून कोरडे दिसणारे खनिज जहाजाच्या हादऱ्यांनी आतल्या आत चिखल होते, एका बाजूला वाहते आणि जहाज उलटते. २००९ च्या पावसाळ्यात भारताच्या किनाऱ्याजवळ एशियन फॉरेस्ट आणि ब्लॅक रोझ ही लोहखनिजाची जहाजे बुडाली, आणि २ जानेवारी २०१५ रोजी बॉक्साइट घेऊन चाललेले बल्क ज्युपिटर व्हिएतनामजवळ बुडाले तेव्हा १९ पैकी एकच खलाशी वाचला. जागच्या जागी करता येणारी एक चाचणी अशी: अर्धा ते एक लिटरच्या डब्यात नमुना अर्धा भरावा आणि वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर उंचीवरून तो डबा कडक फरशीवर पंचवीस वेळा आपटावा. वर पाणी किंवा चिखल दिसला तर भरणी थांबवावी आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागवावा. काही दिसले नाही म्हणून मात्र माल सुरक्षित ठरत नाही.

नळीतून जाणारा माल

टँकरचे तोंड त्याच्या मध्यभागी असते. तिथे दोन्ही बाजूंना नळ्यांची तोंडे ओळीने मांडलेली दिसतात, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. भरताना धक्क्यावरचे पंप माल आत ढकलतात आणि उतरवताना जहाजाचे पंप तो बाहेर काढतात. कच्च्या तेलाच्या टाकीत रिकाम्या जागेत निष्क्रिय वायू भरून ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवतात, म्हणजे ठिणगी पडली तरी जळायला हवाच उरत नाही. उष्णतेने तेल फुगते, म्हणून टाकी साधारण ९८ टक्क्यांपुढे भरत नाहीत.

आपल्या भागातल्या रसायन किंवा खाद्यतेलाच्या व्यापाऱ्याचा संबंध येतो तो केमिकल टँकरशी. त्यात अनेक लहान टाक्या असतात आणि बहुतेक जहाजांत प्रत्येकीचा पंप व नळी वेगळी असते, त्यामुळे एकच जहाज अनेकांचे वेगवेगळे माल नेते. माल भरण्याआधी त्या टाकीत याआधी कोणते तीन माल होते याची लेखी यादी मागावी आणि टाकीच्या भिंती धुऊन घेतलेल्या नमुन्याची तपासणी करून घ्यावी. पहिला फूटभर माल टाकीत पडला की पंप थांबवून त्याचा नमुना काढावा. दोष असेल तर तो तिथेच, थोड्या मालात पकडला जातो.

पूर्ण टाकीभर माल नसेल तर कंटेनरच्या चौकटीत बसवलेला टँक, म्हणजे आयएसओ टँक घ्यावा. तो ८० टक्क्यांहून कमी भरू नये, कारण अर्धवट टँकातला द्रव वळणावर उसळतो आणि ट्रेलर उलटवतो. बिनधोक द्रवासाठी वीस फुटी कंटेनरात पसरवायची फ्लेक्सीबॅग, म्हणजे द्रव भरायची मोठी पिशवी, स्वस्त पडते. मात्र भरताना कंटेनरची बाजू फुगते आहे का ते पाहत राहावे.

चाकांवरचा माल आणि मावत नाही असा माल

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट जाणाऱ्याने रो-रोचे तत्त्व पाहिलेलेच आहे. मोटारी नेणारे समुद्रगामी जहाज म्हणजे तेच तत्त्व बारा-तेरा मजली केलेले. एक्स्कॅव्हेटर किंवा बस पाठवायची असेल तर इंधन थोडेच ठेवावे, बॅटरी चांगली असावी, किल्ली गाडीतच असावी आणि रॅम्पच्या चढावर गाडीचे पोट घासणार नाही एवढी उंची असावी. स्वतः न चालणारे मशीन कमी उंचीच्या ट्रेलरवर ठेवून आत ओढतात. आत गेल्यावर प्रत्येक गाडी डेकच्या छिद्रांना पट्ट्यांनी बांधतात. पट्टा अडकवायची कडी तुमच्या मशीनला कुठे आहे हे रंगाने खुणावून ठेवावे. बाहेरून हे जहाज भक्कम दिसते, पण माल उंचावर असल्याने त्याचा बॅलास्टचा हिशेब नाजूक असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत गोल्डन रे हे मोटारींचे जहाज बंदरातून निघताच उलटले आणि कारण निघाले ते स्थिरतेच्या गणितात घातलेले चुकीचे आकडे.

फ्लॅट-रॅकवरही न मावणारा बॉयलर किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर स्वतःच्या जड क्रेन असलेले हेवी-लिफ्ट जहाज लागते. तिथे दोन गोष्टी तुमच्या हातात असतात: उचलण्याच्या कड्या मजबूत असल्याचा दाखला, आणि मालावर दोन्ही बाजूंना ठळक रंगवलेला गुरुत्वमध्य. कळंबोलीपासून धक्क्यापर्यंतचा रस्ता, त्यावरचे पूल आणि तारा यांची पाहणी जहाज ठरवण्याआधी करावी. जहाज येऊन थांबते आणि माल पुलाखाली अडकतो, हे अनेकदा झालेले आहे. अर्धजलमग्न जहाजाशी तुमचा संबंध बहुधा येणार नाही, पण २००० साली ब्ल्यू मार्लिन या जहाजाने अमेरिकेची कोल ही दुखावलेली विनाशिका पाठीवर घेऊन घरी नेली होती, एवढे त्याचे बळ सांगायला पुरे.

दुसऱ्या टोकाला

आयात करणाऱ्याने जहाज लागण्याआधीच बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची नोंद, दाखल करावे आणि जहाज कंपनीकडून डिलिव्हरी ऑर्डर घेऊन ठेवावी, कारण मोफत दिवस संपले की बंदराच्या जागेचे आणि कंटेनर अडकवून ठेवल्याचे असे दोन मीटर एकदम धावू लागतात. कंटेनर ताब्यात घेताना मिळणाऱ्या अदलाबदलीच्या पावतीवर पोचा, फाटलेले रबर किंवा गळका कोपरा लिहून घ्यावा. सील कापण्याआधी त्याचा क्रमांक वाचता येईल असा फोटो काढावा. उघडताना समोर उभे राहू नये. उजवे दार हातभर उघडून त्याच्या आडून पाहावे, कारण प्रवासात कललेला माल दाराला टेकून उभा असू शकतो. आत काही बिघडलेले दिसले तर हात न लावता फोटो काढावेत, सर्व्हेयरला बोलवावे आणि जहाज कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना तीन दिवसांच्या आत द्यावी लागते, आणि शुक्रवारी संध्याकाळी ताब्यात घेतलेल्या कंटेनरचे ते तीन दिवस सोमवारी संपतात.